सम कुठे येते?

बैठक संपून तबला गवसणीत घालत असलो की कुणीतरी जवळ येऊन विचारतं, "तुम्ही घरी ते फ्री जॅझ ऐकता म्हणे. त्यात सम कुठे असते हो? आणि तुमचे आवडते अल्बम कोणते?" उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितोय.

पंचवीस वर्षं मी पुण्यात तबल्याची साथ करतोय. इथला श्रोता मांडीवर ताल धरून बसतो आणि गायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आला की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. त्या क्षणाच्या ओढीनेच मी तबला शिकलो. त्यामुळे फ्री जॅझ ऐकतानाही माझा कान आधी ड्रमरकडे जातो आणि खालची निवडही त्या कानाने केलेली आहे. पियानो वाजवणारा माणूस तुम्हाला सेसिल टेलर या पियानोवादकापासून सुरुवात करायला सांगेल, तेही बरोबरच आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. एरवीच्या जॅझमध्ये गाण्याच्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांचा, एक फेरा असतो, बारा किंवा बत्तीस मापांचा, आणि वादक त्या फेऱ्यावर आपली उपज करतो. आपल्या आवर्तनासारखंच. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने तो फेराच सोडून दिला. हाच फ्री जॅझ. 1959 साली ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम'मध्ये पियानो नाही. पहिलाच तुकडा 'लोन्ली वुमन'. त्यात ड्रमर बिली हिगिन्स झांजेवर द्रुत लय धरून बसतो आणि त्यावर कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट एक संथ, विलापासारखी धून वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बोटांवर मात्रा मोजत होतो. थोड्याच वेळात मोजणं सुटलं. आपल्याकडे विलंबितात गायक शब्द मात्रेवरून उचलून अधांतरी ठेवतो, पण खाली ठेका चालू असतो आणि गायकाला त्याच्याकडे परतायचं असतं. इथे दोन लयी शेजारीशेजारी चालतात, एकमेकींची वाट न पाहता. तरीही कोलमन आणि चेरी ओळ एकत्र उचलतात आणि एकत्र सोडतात. दोघांचा श्वास एका जागी संपतो. माझ्या लेखी सम तिथे आहे.

हे एकदा कानात बसलं की सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरकडे जा. त्याचा 'स्पिरिच्युअल युनिटी' 10 जुलै 1964 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. तीन माणसं, जेमतेम अर्धा तास. एकच अल्बम ठेवायचा म्हटलं तर मी हा ठेवीन. ड्रमर सनी मरे इथे ठेका धरतच नाही. झांजांची एक सलग थरथर, मध्येच स्नेअर ड्रमचा एखादा आघात, आणि पुन्हा थरथर. साथीचा माणूस म्हणून मी आधी अस्वस्थ झालो होतो, कारण ठेका दिला नाही तर साथ कशाची करायची? मग एका रात्री लक्षात आलं की मरे तानपुऱ्याचं काम करतोय. काळ मोजण्याऐवजी तो काळ भरून ठेवतो आणि त्या भरलेल्या जागेत आयलर उभा राहतो. गॅरी पीकॉकचा बास त्या दोघांच्या मधून वाट काढतो, कुणाच्याही मागे न चालता. आयलरच्या धुना मात्र अगदी साध्या, एखाद्या पोराने रस्त्यावर गुणगुणाव्यात अशा. 'घोस्ट्स' या अल्बमवर दोनदा आहे. ती साधी धून तो इतक्या ताकदीने वाजवतो की सूर फाटतो, आणि फाटलेला सूर तो तसाच धरून ठेवतो. पंढरीच्या वाटेवर दिवसभर गाऊन आवाज बसलेला वारकरी संध्याकाळी अभंग म्हणतो, तसा तो सूर मला वाटतो.

कोलमनचाच 'फ्री जॅझ', डिसेंबर 1960 मधला. या अल्बमच्या नावावरूनच पुढे या संगीताला नाव पडलं. दोन चौकड्या, म्हणजे चार-चार वादकांचे दोन गट, एकाच वेळी वाजवतात, सुमारे सदतीस मिनिटं. एक चौकडी डाव्या बाजूला, दुसरी उजव्या. हा अल्बम समजवायला मी पुण्याच्या माणसाला विसर्जनाच्या रात्री अलका चौकात नेतो. लक्ष्मी रस्त्याचं पथक एका कानात, टिळक रस्त्याचं दुसऱ्या कानात. आधी नुसता गलका. पण अर्धा तास तिथे थांबलात की दोन्ही ताशे वेगवेगळे ऐकू यायला लागतात आणि मधूनच ते क्षणभर जुळतात. पथकांचं जुळणं योगायोगाचं असतं. हिगिन्स आणि दुसऱ्या चौकडीचा ड्रमर एड ब्लॅकवेल मात्र एकमेकांना ऐकून जुळतात. हेडफोन लावून आधी डावीकडचा हिगिन्स ऐका, मग उजवीकडचा ब्लॅकवेल.

ब्लॅकवेल न्यू ऑर्लिन्सचा, मिरवणुकीच्या ढोलांच्या गावचा. 1969 मध्ये पॅरिसला त्याने डॉन चेरीबरोबर 'मू' हा अल्बम केला, फक्त दोघांनी. त्यातलं त्याचं वाजवणं ऐकताना माझी बोटं आपोआप हलतात.

सॅक्सोफोनवादक पीटर ब्रोट्झमनचा 'मशीन गन' पुष्कळांच्या यादीत वर असतो. त्यातला संताप खरा आहे, पण मी तो वर्षातून एकदाच ऐकू शकतो.

आणि 'इंटरस्टेलर स्पेस'. जॉन कोल्ट्रेन आणि रशीद अली. सॅक्सोफोन आणि ड्रम, तिसरं कुणी नाही. ध्वनिमुद्रण फेब्रुवारी 1967 चं, जुलैमध्ये कोल्ट्रेन गेला आणि अल्बम बाहेर आला 1974 मध्ये. तुकड्यांना ग्रहांची नावं आहेत. अली कोल्ट्रेनच्या श्वासाची लांबी ओळखतो. वाक्य लांबलं की तो दाट होतो, कोल्ट्रेन थांबायच्या बेतात असला की विरळ. उत्तर द्यायला तो प्रश्न संपायची वाट पाहत नाही. साथ या शब्दाचा याहून मोठा अर्थ मी कुठे ऐकलेला नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला मागच्या महिन्यात 'मार्स' ऐकवला. सुरुवातीला कोल्ट्रेन छोट्या घंटा हलवतो, तेव्हाच त्याने सवयीने मांडीवर हात ठेवला. थोड्या वेळाने हात थांबला आणि तो पुढे वाकून ऐकायला लागला. तुकडा संपल्यावर म्हणाला, "सर, घंटेपासून परत लावा ना."