आयोवाच्या जत्रेत निवाडा बघावा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेला, म्हणजे आयोवा स्टेट फेअरला, बहुतेक लोक हाडाची काडी धरून खायचं पोर्क चॉप खायला आणि लोण्यात घडवलेली गाय बघायला जातात. दोन्ही जरूर करावं. पण या जत्रेचा जीव निवाड्यात आहे. गाई, डुकरं, कणसं, मुरंब्याच्या बरण्या सगळ्यांची तपासणी होते आणि जनावरांच्या रिंगणात पहिला नंबर कुणाला व का, हे परीक्षक माइकवर कारणांसकट सांगतो. ते ऐकायचं तर दिवस तसा आखावा लागतो.

जत्रा ऑगस्टमध्ये, 11 दिवस, डी मॉइन शहराच्या पूर्व भागात. सुरुवात 1854 साली फेअरफील्ड गावात झाली. आताच्या मैदानावर ती 1886 पासून भरते. शिकागोहून गाडीने पाचेक तास लागतात. अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची गाडी डी मॉइनला येत नाही, जवळचं स्टेशन ओसिओला, तेही सुमारे 75 किलोमीटरवर. आसपासच्या घरांच्या अंगणात पैसे देऊन गाडी लावता येते. आम्हाला मात्र राज्याच्या कॅपिटॉलपाशी, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीपाशी, गाडी ठेवून जत्रेची बस धरणं सोपं वाटलं. मैदान चढाचं आहे, चपला घालून जाऊ नये. उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो, कारण ऐन वाढीतलं एक एकर मक्याचं शेत दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी हवेत सोडतं आणि या राज्यात नजर जाईल तिथे मका. म्हणून गोठे आणि रिंगण सकाळी, इमारतींतली प्रदर्शनं दुपारी.

सगळी जनावरं अकराही दिवस नसतात, पाळ्या असतात. तिकीट काढण्याआधी त्या दिवशीचं वेळापत्रक बघा, नाहीतर दुभत्या गाई बघायला जाल आणि गोठ्यात मांसाच्या जातींचे बैल भेटतील.

दुभत्या गाईंचा वर्ग सर्वांत शिकवणारा. पांढऱ्या कपड्यांतली मुलं म्होरकी धरून, गाईकडे तोंड करून उलट्या पावलांनी सावकाश चालतात. वेसण कुठेच नाही. परीक्षकाच्या डोक्यात 100 गुणांचा तक्ता असतो: कास 40, दुधाळपणाची ठेवण 25, मागचे पाय व खूर 20, बाकीचा बांधा 15. गाय मागून येताना बघा. कासेचा तळ ढोपराच्या वर हवा, मधली चीर स्पष्ट हवी, सड चारही बाजूंना सारख्या अंतरावर. कास लोंबली की ती पायांना घासते, चिखलाने माखते, सडाला इजा होते आणि दोन-तीन वेतांत गाय बाद होते. 100 पैकी 40 गुण एकट्या कासेला का, ते असं उभ्या उभ्या कळतं. कास भरलेली दिसावी म्हणून धार काढायला जास्त उशीर करणं हा गैरप्रकार समजला जातो.

फिती बघताना आपला गोंधळ होतो. इथे पहिल्या नंबरची फीत निळी, तांबडी दुसऱ्याची, जांभळी विजेत्यांतल्या विजेत्याची. फोर-एच या मुलामुलींच्या संघटनेत बहुतेक वस्तू एकमेकींशी ताडून न बघता ठरलेल्या कसाला लावतात, त्यामुळे एकाच टेबलावर दहा निळ्या फिती दिसू शकतात. ही पद्धत मला फार आवडते.

दुपारी बरण्यांकडे जा. झाकण घट्ट बसलंय का, फोडी एकसारख्या आहेत का, वर किती जागा सोडली, सगळं पाहतात. जॅमला पाव इंच, फळांना अर्धा, आंबट नसलेल्या भाज्यांना एक इंच. जागा कमी पडली तर भरलेली बरणी उकळताना रस बाहेर येऊन झाकण नीट बसत नाही. जास्त झाली तर आतली हवा पुरती निघत नाही आणि वरचा थर काळवंडतो.

लोण्याची गाय कृषी इमारतीत, काचेआड, साधारण साडेचार अंश सेल्सिअसच्या थंडीत उभी असते. परंपरा 1911 ची. आत लाकूड, लोखंड आणि जाळीचा सांगाडा, वर सुमारे 270 किलो लोणी थरावर थर. हेच लोणी अनेक वर्षं पुन्हा वापरतात. दुपारी रांग लांबते, उघडल्या उघडल्या जाऊन यावं.

डुकरांच्या गोठ्यात खाणंपिणं नेऊ नका, बाहेर पडताच साबणाने हात धुवा. 2012 साली अशा जत्रांमधूनच डुकरांचा फ्लू शेकडो लोकांना, मुख्यतः मुलांना झाला होता. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि 65 वरची माणसं यांनी हा गोठा टाळावा. शाकाहाऱ्यांना भाजलेलं, लोण्यात बुडवलेलं कणीस उत्तम. तळणाचं तेल मांसासाठीही तेच असतं का, ते विचारून घ्यावं.

कणसांच्या टेबलापाशी थांबायला विसरू नका. ओळी सरळ आहेत का, दाणे टोकापर्यंत भरलेत का, ते बघा. ओळी मोजल्या तर सम निघतील, 14, 16, 18. शतकापूर्वी इथे देखण्या कणसालाच उत्तम बियाणं मानत. हेन्री वॉलेस या शाळकरी मुलाने 1904 साली बक्षिसाची आणि नाकारलेली कणसं शेजारी शेजारी पेरून उत्पन्न मोजलं, तर रूपाचा आणि उताऱ्याचा मेळ बसेना. त्याच वॉलेसने 1926 मध्ये डी मॉइनला संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, पुढे तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

एक दिवस जास्त असेल तर शहरात नदीकाठी, जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत, जागतिक अन्न पुरस्काराच्या मानकऱ्यांचं दालन आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. 1998 चा मान बियाण्याच्याच कामासाठी जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना मिळाला होता.