सर्दीतला लाँग रन आणि ‘शरीराचं ऐका’

‘शरीराचं ऐका’ हा सल्ला पहिल्यांदा ज्याने दिला, त्याला माझ्याबरोबर एकदा बाविसाव्या किलोमीटरला उभं करायचं आहे. लाँग रनमध्ये, म्हणजे सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावण्यात, शरीर एकच गोष्ट सांगत असतं: पुरे, थांब. ठणठणीत असताना सांगतं, सर्दी असतानाही तेच सांगतं. मग ऐकायचं नेमकं काय?

मॅरेथॉनआधीचा सगळ्यात मोठा लाँग रन होता, ३० किलोमीटरचा. त्यानंतर टेपर, म्हणजे धावणं कमी करत न्यायचं. आणि नेमकं आदल्या संध्याकाळी नाक चोंदलं, घसा खवखवायला लागला.

धावणाऱ्यांमध्ये मानेचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसतं नाक गळतंय, शिंका येताहेत, तर हळू धावायला हरकत नाही. मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडलेलं, तर बूट घालायचेच नाहीत. ताप असेल तर प्रश्नच मिटला. विषाणूचा संसर्ग क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत जातो आणि अशा वेळी दमवणारा व्यायाम जिवावर बेतू शकतो. मी सकाळी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. पॅरासिटामॉल घेतली असेल तर या मोजण्याला अर्थ नाही, ती ताप झाकते. अंथरुणातच नाडी मोजली, नेहमीपेक्षा जराशीच जास्त होती. निघालो.

पहिला अर्धा भाग सांगण्यासारखा नाही. नाक पुसत धावलो, एवढंच.

अठराव्याच्या पुढे घोडं अडलं. वेग तोच, पण घड्याळावर हृदयाचे ठोके चढत चाललेले. आता गंमत अशी की ते एरवीही चढतात. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून तेवढ्याच वेगाला हृदय जास्त वेळा धडकतं. मग ही वाढ नेहमीची की आजारपणाची? घड्याळ लाल रंग दाखवून मोकळं झालं. ग्रुपमधल्या एका अनुभवी गड्याला फोन केला, तर तो काय म्हणाला असेल? ‘बॉडीचं ऐक.’ संताप आला. बॉडी काय म्हणतेय हेच तर कळत नव्हतं! आणि एखाद्या लाँग रनने काय फरक पडतो, असं म्हणणारेही हेच आणि स्वतः पावसातसुद्धा न चुकवणारेही हेच.

शेवटी स्वतःच परीक्षा लावली. दोनेक मिनिटं चालायचं. ठोके झरझर उतरले आणि एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं, तर पुढे. ठोके वरच राहिले, गरगरलं किंवा छातीत काही जाणवलं, तर सरळ घरी. उतरले. तसंही जेल, म्हणजे धावताना ताकदीसाठी खायचा गोड घट्ट पाक, खायला चालणं भागच होतं. चोंदलेल्या नाकाने धावताना तोंडात जेल घेतलं की श्वास घ्यायचा की गिळायचं, दोन्हीपैकी एकच जमतं. जेल पोटात गेल्यावर थोड्या वेळाने डोकं बरंच हलकं झालं. म्हणजे ज्याला मी आजारपण समजत होतो, त्यातली निम्मी चक्क भूक होती! इतक्या अंतरावर स्नायूंमधला साखरेचा साठा बराच कमी झालेला असतो. हात-पाय गळतात, चिडचिड होते, आणि सर्दी असली की सगळं खापर सर्दीवर फुटतं.

मग उरलेलं अंतर तसंच काढलं: थोडं धावणं, थोडं चालणं. वेग लाजिरवाणा होता. तीस मात्र पुरे झाले आणि मला त्याचा अभिमान आहे, कुणी काहीही म्हणो.

एक राहिलंच. लांबचा एकेरी रस्ता धरू नका. घराजवळ छोट्या फेऱ्या मारा, म्हणजे कधीही सोडता येतं. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळीने ठोके वाढू शकतात, मग ज्या आकड्यावर सगळा निर्णय, तोच खोटा. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन घेऊन निघणंही नको, पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि नाकाखाली आधीच व्हॅसलीन लावा. माझे पाय दुसऱ्या दिवशी ठीक होते, नाक मात्र चांगलंच सोललं होतं.