महिला वॉर्ड, फरशीवरची गादी

पावसाळा सरता सरता आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातला मेडिसिनचा महिला वॉर्ड खाटांवर मावत नाही. मला डेंग्यू झाला तो नेमका तेव्हाच. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट ४८ हजार (दीड लाखाच्या वर हव्यात) आणि पाण्याचा घोटही पोटात टिकेना, म्हणून ॲडमिट करून घेतलं. पैशांची चिंता नव्हती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. चिंता होती ती जागेची.

"खाट नाहीये ताई. गादी टाकून देते, चालेल ना?" सिस्टर म्हणाल्या. एवढ्या गर्दीत त्यांनी विचारलं तरी, याचंच मला बरं वाटलं. दोन खाटांच्या मधल्या बोळकांडीत गादी पडली. सलाईनचा स्टँड शिल्लक नव्हता, तेव्हा मावशींनी बाटली बँडेजच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधली. गज जरा लांब असल्यामुळे नळी ताणून बसायची. कुशीवर वळलं की रक्त उलटं नळीत चढलेलं दिसायचं.

फरशीवर झोपायचं काही वाटलं नाही, घरीही आम्ही खालीच झोपतो. त्रास झाला तो मच्छरदाणीचा. डेंग्यूच्या पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवतात, कारण हा डास दिवसा चावतो आणि आपल्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला आजार देतो. खाटांना त्यासाठी दांड्या होत्या. गादीला कुठून आणणार? माझ्या थोरल्या जाऊबाईंनी (मी त्यांना ताई म्हणते) दोन टोकं शेजारच्या खाटांच्या पायांना, एक गजाला आणि एक ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरला बांधलं. रात्री येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या दोरीत अडखळायचा आणि आमचा उद्धार करून पुढे जायचा.

वॉर्ड चालतो तो सोबतच्या बायकांच्या जिवावर, हे आत राहिल्याशिवाय कळत नाही. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी. पेशंट खाटांवर असतील तेवढेच पुन्हा खाली. बाटली संपत आली की सिस्टरना हाक मारणं, रक्ताची नळी लॅबमध्ये पोचवणं, रिपोर्ट आणून केसपेपरला टाचणं, किती प्यायले नि लघवी किती झाली ते लिहून ठेवणं, हे सगळं नातेवाईकच करत होते. कुणी तसं सांगत नाही, पण धरून सगळे चालतात. पुरुषांना रात्री थांबू देत नाहीत, म्हणून नवरा बाहेर व्हरांड्यात आणि आत ताई. संडासाला जाताना त्या एका हाताने बाटली उंच धरायच्या आणि दुसऱ्या हाताने बाहेरून दार ओढून धरायच्या, कारण कडीच नव्हती.

उजवीकडच्या खाटेवरच्या आजींना कुणीच नव्हतं. शेजाऱ्यांनी १०८ला फोन करून पाठवलेल्या. खाट मिळूनही त्यांचे हाल माझ्यापेक्षा जास्त. जेवणाची गाडी यायची तेव्हा ताट घेऊन उभं राहायला माणूस लागतं. पहिल्या दिवशी त्यांचं जेवण हुकलं, मग ताईच दोन ताटं घेऊन उभ्या राहू लागल्या. आजी मात्र रोज म्हणायच्या, "वरण पातळ आहे गं."

आल्यागेल्याने सल्ले भरपूर दिले. पपईच्या पानांचा रस कुणीतरी प्रेमाने आणला, तो मी प्यायले आणि सगळा उलटून पडला. अंग ठणकतंय म्हणून एक बाई ब्रुफेनची गोळी देत होत्या, ती सिस्टरनी पाहिली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडल्या. बरोबरच होतं त्यांचं. डेंग्यूत पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, रक्तस्राव वाढू शकतो.

ताप उतरला तेव्हा मला वाटलं, सुटले. उलट त्याच दिवसापासून बीपी वरचेवर मोजायला लागले. राऊंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जपायचे. पोटात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर लगेच सांगा. नुसत्या प्लेटलेट नाही, आम्ही पीसीव्ही पण बघतोय." रक्त घट्ट होतंय का ते त्यावरून कळतं म्हणे. प्लेटलेट आणखी खाली गेल्या, पण चढवाव्या लागल्या नाहीत. रक्तस्राव नसेल तर आकडा बराच खाली गेल्याशिवाय चढवत नाहीत, हे मला तिथेच कळलं. बाहेर नवरा उगाच रक्तदाते गोळा करत बसला होता.

मधेच एक खाट रिकामी झाली आणि मी वर गेले. आता मीही इतरांसारखी खालच्या पेशंटला ओलांडून जाऊ लागले.

डिस्चार्ज कार्ड सकाळीच लिहून झालं होतं. सही व्हायला दुपार उलटली. तोवर एक मुलगी सलाईनची बाटली हातात धरून माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली होती, मागे तिची आई पिशव्या सांभाळत. मावशी म्हणाल्या, "थांब जरा, चादर बदलते." आई म्हणाली, "राहू द्या हो, आधी झोपू द्या तिला."