माथेरान, आमचं मंडळ आणि पहिल्यांदा आलेल्यांचे दोन शब्द

दरवर्षी सहलीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "अहो किती वेळा माथेरान, यंदा महाबळेश्वर करू", आणि दरवर्षी मी तेच सांगते, की १८५० मध्ये माथेरान शोधणारा मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर होता, म्हणजे पहिला हक्क आपला ठाणेकरांचा! सगळे हसतात आणि माथेरान फायनल. खरं कारण वेगळंय. तिथे आपल्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे एरवी घोडबंदर रोडवर ज्यांचा हात सोडायची सोय नाही ती पोरं लाल मातीत मोकाट सुटतात, फक्त घोडा आला की "बाजूला व्हा रे" ओरडायचं.

सकाळची कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सी, अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल. नेरळपासूनच्या मिनी ट्रेनची तिकिटं चाळीस जणांना एकदम कधी मिळाली नाहीत, १९०७ पासून धावतेय ती गाडी पण आमच्यासाठी कायम फुल्ल. नारळ, हिशोबवाचन, अध्यक्षांचं भाषण (तेच, फक्त वर्ष बदलून) हे सोडून देते. शार्लोट लेक, पिसारनाथाचं दर्शन, एको पॉइंटला पोरांनी गणिताच्या बाईंच्या नावाने मारलेल्या हाका, माकडाने पळवलेला ठेपल्यांचा आख्खा डबा, हे ठरलेलंच.

मी जाते ते रात्रीसाठी. हॉटेलच्या अंगणात खुर्च्या गोल मांडायच्या आणि जो पहिल्यांदा आलाय त्याने उभं राहून दोन शब्द बोलायचे, ही आमची पद्धत. नव्या सुना लाजतात, भाडेकरू उगाच "थँक्यू मंडळ" म्हणून बसतात. एका वर्षी सी विंगमधल्या आजी उठल्या, पायमोजे घोट्यापर्यंत लाल, हातात चिक्कीचा पुडा तसाच. म्हणाल्या, "पन्नास वर्षं पोरांना नि नातवंडांना सहलीचे डबे भरून दिले. आज माझा डबा दुसऱ्या कोणी भरला." आणि बसल्या. टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचेना. माझे डोळे भरले आणि शेजारच्या काकूंनी न बघताच रुमाल पुढे केला.

आता आभार. नावं घेत नाही, कारण एकदा घेतली आणि एक राहिलं, ती ताई अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही. तर पहाटे ठाणे स्टेशनला तिकिटं काढणारा बी विंगचा मुलगा, औषधांची पिशवी सांभाळणाऱ्या नर्सताई, सामान डोक्यावरून नेणाऱ्या दस्तुरीच्या मावश्या, आजींचा घोडा लुईझा पॉइंटपर्यंत सावकाश चालवत नेणारे घोडेवाले दादा, रात्री दहाला परत चहा टाकणारे स्वयंपाकघरातले लोक, आणि हो, आजींचा तो डबा भरणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनी. अजून कोणी राहिलं असेल तर प्लीज मला आधी फोन करा, ग्रुपवर लिहू नका.

आणि ए विंग. गणपतीत आरतीला पुढच्या रांगेत, सहलीला नाव देऊन आदल्या रात्री कॅन्सल. यंदाची यादी वॉचमनच्या केबिनबाहेर लावलीय. सी विंगमध्ये पहिलं नाव आजींचं, त्यांनी स्वतः येऊन लिहिलं. ए विंगच्या रकान्यात कोणीतरी फक्त पेन चालतंय का बघितलंय.