बेल्ट आला, पण परत काही जाईना

‘ग्राहक घरी उपलब्ध नाही.’ बेल्ट परत न्यायला येणाऱ्या कुरिअरकडून तीन दिवस, रोज संध्याकाळी हाच मेसेज. अहो, मी घरातच बसलेय! वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टही चालू.

झालं असं, मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते, कुस्तीसारखा पकडींचा खेळ. त्याच्या गीसोबत, म्हणजे जाड पोशाखासोबत, फुकट मिळालेला पांढरा बेल्ट म्हणजे नुसती नाडी. एका रोलमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, दोनदा सुटायचा. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं तर, "ताई, कराटेचा घ्या, सगळं एकच." एकच कसं असेल? जिउ-जित्सूच्या बेल्टला एका टोकाशी काळी पट्टी असते, सर त्यावरच स्ट्राइपची, म्हणजे प्रगती दाखवणारी, टेप लावतात. म्हणून ऑनलाइन मागवला.

आला तो साटीनसारखा चकचकीत. गाठ मारली की आपोआप ढिली. मागवला ए2 साइझ, पाकिटात त्याहून मोठा ए3, टोकं गुडघ्यापर्यंत. स्पर्धेत गाठीनंतर 20 ते 30 सेंमी टोक चालतं. परत पाठवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी ‘सकाळी 9 ते रात्री 9 कधीही’. क्लास बुडवला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दाराशी खुर्चीवर बसवलं, त्यांची दुपारची झोप गेली ती गेलीच. कस्टमर केअरवाला म्हणे, "मॅडम, आमचा माणूस येऊन गेला." तिसऱ्या दिवशी तोच मेसेज आल्यावर खाली जाऊन वॉचमनकाकांची वही उघडली. तीन दिवसांत दूधवाला, गॅसवाला, सहाव्या मजल्यावरचे पाहुणे, सगळ्यांच्या नोंदी. कुरिअरवाल्याची एकही नाही. पानांचे फोटो काढून पाठवले आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बेल!

तर त्या मुलाचा पहिला प्रश्न, "टॅग?" टॅग मी उत्साहाने फाडून कोरड्या कचऱ्यात टाकलेला. अख्खी बादली पॅसेजमध्ये ओतली. बिस्किटांच्या पुड्यांखाली सापडला. तेव्हा बाई, बांधून बघेपर्यंत टॅगला हात लावू नका.

आणि साइझच्या तक्त्यावर विसंबू नका. नीट बसणारा जुना बेल्ट टेपने मोजा आणि विक्रेत्याला सेंटिमीटरमध्येच लांबी विचारा. दुसऱ्यांदा मी तेच केलं. माप 270. जाड सुती, आडव्या शिलाईच्या भरपूर ओळी, रुंदी 4 सेंमी. पहिला आठवडा लाकडासारखा कडक होता, आता गाठ धरतो. गरम पाण्यात घालू नका, सुती आटतं. धुवा मात्र नक्की. बेल्ट धुतला की विद्या जाते म्हणणारे आमच्याकडेही आहेत, पण ठाण्याच्या पावसाळ्यात गजकर्ण आधी येतं.

पहिल्या बेल्टचे पैसे अजून ‘प्रक्रियेत’ आहेत.