सुट्टीचा सिलॅबस

परीक्षा झाल्यावर काय काय करायचं याची यादी करणं, हा अभ्यास टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. बसलेले असतो टेबलापाशीच, हातात पेन असतं, कपाळावर आठीही असते. दारातून डोकावणाऱ्या आईला संशय घ्यायला जागा नसते. माझी यादी बायोलॉजीच्या वहीच्या शेवटच्या पानावर होती. दहा तास झोप. गंगापूर रोडला निवांत मिसळ. पांडवलेणी. केस कापणे. ॲक्टिव्हा शिकणे. दिंडोरीकडे मामाच्या मळ्यात मुक्काम. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, ‘काहीही न करणे’.

त्या शेवटच्या कलमाची तयारी कुठल्याच क्लासने करून घेतलेली नव्हती.

‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, झाली ४ मे २०२५च्या रविवारी, दुपारी दोन ते पाच. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. दीडला फाटक बंद होतं, म्हणून बाबांनी मला अकरालाच नेऊन उभं केलं होतं. फिजिक्सने त्या वर्षी देशभर सगळ्यांनाच रडवलं, त्यामुळे त्याचं वेगळं दुःख मांडत नाही. पाचनंतर बाहेर आले तेव्हा आई ताकाची बाटली घेऊन उभी होती. आता हलकंहलकं वाटेल म्हणून मी फाटकापाशी जरा थांबले. मागून येणाऱ्या गर्दीने ढकललं, म्हणून पुढे झाले. एवढंच वाटलं, की पायात चपला आहेत आणि डांबर तापलंय.

प्रश्नपत्रिका घरी न्यायला देतात, ही परीक्षा घेणाऱ्यांची मेहरबानी की सूड, हे अजून ठरवता आलेलं नाही. रात्रीचं जेवण होईपर्यंत मोबाइलवर निरनिराळे सर फळ्यापाशी उभे राहून तोच पेपर सोडवून दाखवत होते. आणि दुसऱ्याच दिवशी, ५ मेला दुपारी एक वाजता, बारावीचा निकाल! आराम करायला म्हणून सरकारने मला पुरता एक दिवससुद्धा सलग ठेवला नाही. निकाल बरा लागला, पेढे वाटले, फोन आले. प्रत्येक फोनवर अभिनंदनाच्या पाठोपाठ प्रश्न, ‘नीटचा पेपर कसा गेला?’

खरी सुट्टी त्यानंतर लागली आणि पहाटे पाचला डोळे टक्क उघडले. गजर लावलेला नव्हता. स्वयंपाकघरात आजीचा चहा चालला होता. मला बघून म्हणाली, “झोप की गं. आता कोण तुला बोलतंय?” कोणीच बोलत नव्हतं, तीच तर पंचाईत. अकरावीपासून डोक्यात क्लासेसच्या लातूरचा एक मुलगा राहायला आला होता. मी पंखा बघत पडले की तो प्रकाशसंश्लेषण वाचत असायचा. मी लग्नाला गेले की तो टेस्ट सिरीज सोडवायचा. वर्गातल्या प्रत्येकाच्या डोक्यात असा कोणीतरी होता, आणि खुद्द लातूरमधल्या मुलांच्या डोक्यात बहुतेक कोट्याचा असणार. परीक्षा संपली, पण त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मी गादीवर लोळत होते आणि तो अजून तिकडे वाचतच होता.

मग मी यादी हातात घेतली. तारखा घातल्या, टिक करायला चौकोन काढले. आई म्हणाली, “सुट्टीचंही टाइमटेबल?” मी म्हटलं, त्याशिवाय पूर्ण कशी होणार?

मिसळीचं कलम आधी घेतलं. आमच्या नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यांमध्ये मिसळीची ठिकाणं आहेत. झाडं, झोके, खाटा, आणि नंबर लागायची वाट बघणारी कुटुंबंच्या कुटुंबं. मटकी, काळा रस्सा, पापड, दही असं सगळं समोर आलं. बाबा कांदा पसरून वर लिंबू पिळत होते तोवर माझी थाळी रिकामी. रस्सा वाढणारा मुलगा भांडं घेऊन आला आणि बुचकळ्यात पडला. “अगं, गाडी चुकतेय का कुठली?” आईने विचारलं. दोन वर्षं जेवताना डाव्या हातात कार्डं धरून संप्रेरकं पाठ केलेली. डावा हात मोकळा असताना कसं जेवतात, हे उजवा हात विसरला होता.

त्यातही पुस्तक पाठ सोडेना. घरी आमरस झाला. वाटी तोंडाला लावली आणि डोक्यात उमटलं, मेसोकार्प. आंबा हे ड्रूप, आपण खातो ते मधलं आवरण. नारळही ड्रूपच, पण त्याचं मधलं आवरण म्हणजे काथ्या. पंधरा माणसं बोटं चाटत रस खातायत आणि मी एकटीच आवरणं मोजतेय. कुल्फीच्या दुकानात तर मी चार चवींमधल्या दोन बाद केल्या, उरलेल्या दोहोंत खात्री वाटेना, म्हणून प्रश्न सोडून दिला. उणे एकपेक्षा शून्य बरं!

पांडवलेणीला मैत्रिणीबरोबर गेले. तिनेही नीट दिलेली. पेपरबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं पायथ्याशी ठरलं. सकाळी तिथे व्यायामाला येणाऱ्या काका-काकूंची वर्दळ असते. बूट घातलेले आजोबा आम्हाला मागे टाकून वर जातात आणि आपण वर पोचेपर्यंत खाली उतरायलाही लागलेले असतात. आम्ही पायऱ्या संपेपर्यंत नियम पाळला. वर पोचल्यावर तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, “फक्त एकच विचारते.” ते एकच मग महामार्गावरची वाहतूक बघत बराच वेळ चाललं.

उतरण्याआधी तीन नंबरच्या लेण्यात शिरलो. तिथल्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. ही सातवाहनांची राजमाता. लेणं भिक्षूंना दान दिलं, आणि त्या निमित्ताने मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, सगळं कर्तृत्व दगडात कोरून घेतलं. कोणकोणत्या प्रदेशांचा तो राजा, क्षहरात या शक राजांचा वंश त्याने कसा निखंदून काढला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी कसं प्यायलं, सगळं. अकरावीच्या सुट्टीत आम्हाला इथे आणणाऱ्या सरांनी हे सांगितलं होतं. तेव्हा मला तो इतिहास वाटला होता. आता त्या ओळींखाली उभी असताना आमच्या सोसायटीचा ग्रुप आठवला. मुलाचे मार्क चारचौघांत लावायची आयांची रीत नाशकात अठराशे वर्षांहून जुनी आहे तर! मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बिचारीला कोणी कौतुकाने विचारलं नसेल, म्हणून स्वतःच लिहिलं असेल.” मग जरा थांबून, “तुझा बारावीचा निकाल टाकला तर सगळ्यांनी नुसते अंगठे दाखवले.”

केस कापून झाले. ॲक्टिव्हा शिकताना कुंपणाला धडकून झालं. चौकोन भराभर भरत होते, आणि प्रत्येक टिकनंतर मी घड्याळाकडे बघत होते. अखेर आईच म्हणाली, “जा बाई मामाकडे. आम्हाला तरी सुट्टी मिळू दे.”

दिंडोरी रोडने जाताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाची कमान लागते. महाराष्ट्रातली बहुतेक मेडिकल कॉलेजं १९९८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला जोडलेली. लहानपणापासून मामाकडे जाताना ती कमान दिसली की आता अर्ध्या तासात पोचणार एवढंच कळायचं. त्या वेळी मात्र मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूचं पंक्चरचं दुकान बघत बसले.

मामाची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन गेलेली, कोवळ्या फुटी तारांवर चढत होत्या. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, “माल निघाला ना, की बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो आम्ही. मगच छाटणी. आणि पुढच्या हंगामाचे घड आत्ताच या डोळ्यांत तयार होतात, बाहेरून काही दिसत नाही.” हे सगळं कोणाला उद्देशून चाललंय ते कळत होतं. मी मान डोलावली. बोधकथा ऐकताना मान डोलवायची सवय क्लासमध्ये चांगली लागते. पण ऑक्टोबर छाटणीनंतर सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात, तीही याच मामाकडे, हे मला ठाऊक होतं. वेलीलासुद्धा मनाला येईल तेव्हा जागं व्हायची मुभा नाही.

सकाळी पाचला जाग आलीच. बाहेर बायका बगलफूट काढायला आल्या होत्या, मीही गेले. पानाच्या बेचक्यातून निघालेली कोवळी फूट अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि बाजूला वाकवायची. टचकन आवाज होतो, बोटांना हिरवट चिकट रस लागतो, तो वाळला की काळा पडतो. टेंड्रिल म्हणजे खोडाचं रूपांतर, उदाहरण द्राक्षवेल, हे आठवून झालं. मग मी वेली मोजायला लागले. या ओळीत किती, मागच्या ओळीत किती, शेजारच्या मावशी माझ्या पुढे किती. त्यांनी थोडा वेळ बघितलं. “ताई, पळायची शर्यत हाय का?” म्हणाल्या. “ऱ्हायलेलं उद्या काढू.” आणि धाकट्या सुनेने माहेरी जाताना फ्रिजला कुलूप कसं लावलं, ती गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.

गोष्ट लांब होती. कुलपाची किल्ली आधी सासऱ्यांच्या बंडीत, मग पिठाच्या डब्यात, मग आणखी कुठेतरी होती. मध्येच दुसऱ्या ओळीतून कोणीतरी सुनेची बाजू घेतली, त्यावरून जुंपली. मी ओळ कधी संपवली, कितवी संपवली, सांगता येणार नाही, कारण किल्लीचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. न्याहारीला बांधावर बसलो तेव्हा मामीने विचारलं, “किती वाजले गं?” माझा मोबाइल घरात होता. ऊन पाठीवर आलं होतं एवढं सांगितलं.

त्या मे महिन्यात अवकाळीने सगळ्यांचे बेत धुतले. मामीच्या गच्चीवरच्या कुरडया भिजल्या, मामा बुरशीच्या धास्तीने फवारण्यांमागे धावला. मी सकाळी बागेत आणि दुपारी ओसरीवर आडवी, कधी कधी खरंच झोपलेली.

जूनच्या सुरुवातीला बाबांचा फोन आला. ‘आन्सर की’ आली होती. त्यांच्या मते दोन प्रश्नांत घोळ होता आणि हरकत घ्यायला प्रश्नामागे दोनशे रुपये पडणार होते, परत न मिळणारे. “तू काय म्हणतेस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच बघा. मागून आई ओरडली, “घे गं बाई एकदाची हरकत! हा माणूस रात्रभर फिजिक्स वाचतोय. आता घरात पाचला तेच उठतात.”