काट्यावर बसून रचलेलं भजन

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, आणि त्याच सुमारास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, अश्विन वद्य पंचमी. विदर्भातल्या खेड्यात गाणी रचणारा माणूस दिवसा कुठं कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर असतो, कुठं शाळेत शिपाई, कुठं रोजगार सेवक. कामाची गर्दी आणि भजनी मंडळाचा 'नवं पद द्या' हा तगादा एकदमच येतात.

बसून लिहायला वेळ नसतो, म्हणून लहान अभंगाचा साचा त्याला सोयीचा. चरणाला 8 अक्षरं, दोन चरण, शेवटी यमक. सायकलवरही बोटांनी मोजता येतं:

आला दसरा दारात
बोंड फुटलं शेतात

भजनी ठेका 8 मात्रांचा, त्यामुळे ओळ त्यावर आपसूक बसते. 'दसऱ्याचा सण आला दारात' केलं की 11 अक्षरं होतात. मग म्हणणारा शेवटचा शब्द गिळतो आणि खंजेरी पुढं निघून जाते. ध्रुवपद तर एका श्वासात संपलंच पाहिजे, कारण ते सगळे टाळकरी मिळून झेलतात. त्यात जोडाक्षरं जितकी कमी तितकं बरं.

खरी गंमत वऱ्हाडीत आहे. बोलताना ळ चा य होतो, आणि त्यानं प्रमाण मराठीत न सापडणारी यमकं हाती लागतात:

ढग आभायात काया
जशी मायची रे माया

स्मरणिकेत कोणी हे 'शुद्ध' करून 'आभाळात काळा' छापलं की यमक मेलं. तपासणाऱ्याला आधीच बजावून ठेवावं: जसं म्हणतो तसंच छापा. बोलीला अशुद्ध समजण्याची ही खोड फार जुनी आहे, तिच्यापुढं वाकू नये.

शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचं नाव, हीही मोजून घ्यावी लागते. 'म्हणे'ची 2 अक्षरं आणि चार अक्षरी नाव धरलं, तर सांगायला 2 अक्षरंच उरतात. दोन अक्षरी टोपणनाव घेतलेलं बरं.

पुरुषांच्या मंडळात काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) बसलेलं पद महिला मंडळाला बहुधा काळी चारला न्यावं लागतं. चाल तेव्हाच पेटीवर वाजवून पाहावी.

पद किमान चार रात्री आधी द्यावं. पहिल्या रात्री नुसतं ध्रुवपद घोटायचं, कडवी नंतर. आणि वहीत अक्षर ठसठशीत काढावं, मंडपातला दिवा बहुतेक वेळा पेटीवाल्याच्या पाठीमागं असतो.